रॉडची दोन टोकं

नंदनवार साहेबांनी सात रॉड एकेक करून माझ्या टेबलावर मांडले आणि विचारलं, "बाई, या सगळ्यांना धार तुम्हीच लावता?"

"मीच लावते जी. दुसरं कोण हाये इथी?"

"मग सदाराम कोकोडेच्या रॉडला काही वेगळी धार लावता का?"

दाराशी रॉड उतरवणारी दोघं-तिघं माणसं फिसकन हसली. माझे कान तापले. मी भिंतीवरची मापाची पट्टी काढली, एका रॉडचं टोक तिच्या खाचेत बसवून दाखवलं, मग दुसऱ्याचं, मग सदारामच्या रॉडचं. तिन्ही टोकं सारखीच बसली.

"पाहून घ्या साहेब. एकाले तूप अन् दुसऱ्याले ताक वाढाले ही का माह्या घरची पंगत हाये?"

साहेब ओशाळले. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, नागपूरच्या मोठ्या ऑफिसातून आलेले, कारखान्यातल्या यंत्रांत वाढलेले. खाणीत उतरायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"तसं नाही हो बाई. मला कोडं पडलंय. तिसऱ्या लेव्हलला चौदा ड्रिलर आहेत. मशीन एकाच जातीची, हवा एकाच कॉम्प्रेसरची, दगड तोच. पाच फुटी भोक पाडायला तेरा जणांना बारा-तेरा मिनिटं लागतात आणि सदारामला आठ. कसं काय?"

कसं काय ते मला माहीत होतं. मी रॉड उचलला आणि साणेचं चाक सुरू केलं, म्हणजे आवाजात बोलायला नको.

ही गोष्ट एकोणचाळीस वर्षांपूर्वीची. तुमसरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मँगनीजची खाण होती, तिथल्या धारेच्या शेडमध्ये मी कामाला होते. काम समजायला सोपं आहे. ड्रिलर खाली, खाणीच्या एकेका मजल्यावर म्हणजे लेव्हलवर, दगडात भोकं पाडतो, त्या भोकांत दारू ठासून दगड उडवतात. भोक पाडायचं मशीन हवेवर चालतं. त्याच्या पोटातला दट्ट्या रॉडच्या शेपटीवर मिनिटाला दोन हजार ठोके मारतो आणि रॉडच्या दुसऱ्या टोकाची कडक पात दगड फोडत जाते. पात बोथट झाली की रॉड वर येतो. मी हिरव्या दगडाच्या चाकावर तिला धार लावायची आणि सकाळी रॉड परत खाली.

बाईमाणसाला खाणीत उतरायची तेव्हा कायद्यानंच मनाई होती. त्यामुळे ज्या खाणीनं मला पोसलं ती मी कधी पाहिलीच नाही, मी फक्त तिथून आलेले रॉड पाहिले. कोण मशीनवर रेलतो, कोणाचा हात तिरपा जातो, कोण रात्री पिऊन सकाळी कामावर आलाय, सगळं मला पातीवरून कळायचं. ड्रिलर मला टरकून असत, ते काही उगीच नाही.

माझा नवरा रामाजी याच खाणीत ड्रिलर होता. त्याच्या वेळी भोकं कोरडीच पाडत. गारगोटीच्या दगडाचा पिठासारखा धुरळा उडायचा आणि माणसं तोच श्वास घ्यायची. अडतिसाव्या वर्षी रामाजी गेला. शेवटचं दीड वर्ष तो बसून झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. त्याच्या जागी मला ही नोकरी मिळाली. पुढं मशीनमधून आणि पोकळ रॉडमधून पाणी सोडायची सोय आली. पाणी भोकाच्या तळाशी पोचतं, धुरळ्याचा चिखल होतो आणि छाती वाचते. पाणी बंद करून भोक पाडणं हा गुन्हा ठरला. सापडला तर ड्रिलरला मशीनवरून काढून टाकत.

आणि सदाराम चार महिन्यांपासून पाणी बंद करून भोकं पाडत होता.

त्याच्या पातीमागचं लोखंड निळं पडून यायचं. पाण्यानं गार राहिलेला रॉड कधी निळा पडत नाही. पातीवर बारीक बारीक भेगा असायच्या, वाळलेल्या तळ्या-बोडीच्या तळाला पडतात तशा. मग मी काय केलं? पॉलिश पेपर घेतला आणि ती निळाई घासून काढली, मिस्त्रीच्या नजरेला पडू नये म्हणून. चार महिने रोज घासत होते.

"काल मी त्याचं काम पाहून आलो," साहेब चाकाच्या आवाजावर ओरडून सांगत होते. "तो भोकाच्या तोंडाशी ओलं पोतं धरतो. बाकी कुणी धरत नाही. मला वाटतं त्यातच काहीतरी मेख आहे. गुरुवारी नागपूरहून मोठे साहेब येणार आहेत. सगळ्या ड्रिलरांना सदारामच्या मागं उभं करतो आणि दाखवतो. पुढच्या सोमवारपासून चौदाही जणांनी त्याच्यासारखंच काम करायचं. शंभर पोती मागवली आहेत मी."

मी चाक बंद केलं. ओलं पोतं ही जुन्या कोरड्या कामातली युक्ती. तोंडाशी पोतं धरलं की जाड धुरळा त्याला चिकटतो आणि लांबून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. बारीक धुरळा जायचा तिथं जातोच. मशीनला पाण्याची नळी लावलेली पाहून साहेबांना वाटलं असणार की पाणी चालू आहे. तोटी तर ड्रिलरच्या अंगठ्याखाली असते.

साहेब चांगला माणूस होता. चौदा माणसांच्या छातीत तो धुरळा भरायला निघाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी अडीच वाजता नेहमीसारखा सदाराम आला. पाळी तीनला सुटायची. बाकीचे ड्रिलर रॉड ट्रॉलीत टाकून देत, ट्रॉली तीनच्या सुमाराला वर येई. सदाराम मात्र आपली भोकं लवकर उरकून स्वतःचे चार रॉड स्वतःच्या खांद्यावरून आणायचा. वर्षभरापासून त्याची ही रीत होती. तो उलट्या ड्रमवर बसायचा, मी माझ्या डब्यातला चहा त्याला अर्धा द्यायची, आणि मग आम्ही काहीबाही बोलत बसायचो. त्याच्या परसातल्या भेंड्या, माझ्या बहिणीचं भांडण, बैलबाजारात कुणी कुणाला फसवलं. तीन वाजता मी शेडला कुलूप लावून किल्ली टाइम ऑफिसात द्यायची, की तो उठायचा.

तो पूर्वी रामाजीचा मदतनीस होता. त्याची बायको लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेली, त्यानं पुन्हा घर मांडलं नाही. आधी तो मला वैनी म्हणायचा आणि मी त्याला सदारामभाऊ. त्यातलं वैनी कधी गळालं आणि भाऊ कधी गळालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"मोठा हिरो झाला म्हणते तू," मी चहा ओतत म्हटलं. "गुरुवारी तमाशा हाये तुहा."

तो हसला. "साहेबाले काय, खेळणं पायजे."

"पाणी काहून बंद करते, सदाराम?"

कप त्याच्या हातातच राहिला. मी निळा पडलेला रॉड त्याच्या मांडीवर ठेवला.

"चार महिने झाले, मी पाहून रायली. मी घासून रायली. मले का आंधळी समजते?"

"तिसऱ्या लेव्हलले पाणी लावलं का मशीन बसते," तो खाली पाहत म्हणाला. "ठोकाच लागत नाई. दुसऱ्या लेव्हलले होतो तवा असं नव्हतं. तेरा-तेरा मिनिटं लागते एका भोकाले."

"लागू दे ना मंग. बाकीच्याईले लागतेच. तुलेच काय घाई हाये?"

तो रॉडवरून अंगठा फिरवत राहिला.

"कोण वाट पाहून रायलं तुही घरी? कोणती गाडी सुटून रायली?"

माझा ताबा सुटला. "रामाजी कसा गेला ते तू पाहिलं नाई? उशाशी तूच बसत होता ना? त्याची पाठ तूच चोळत होता ना? मंग तुले कोण चोळन, मी? दुसऱ्यांदा? माह्याच्यानं नाई होणार ते. आतापासून सांगून ठेवते!"

सदारामनं कप खाली ठेवला. त्यात अर्धा चहा तसाच होता. तीन वाजायला अजून वीस मिनिटं होती, तरी तो उठून निघून गेला.

मंगळवारी तो आला नाही. त्याचे रॉड ट्रॉलीतून आले, सगळ्यांच्या ढिगात मिसळून. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपण बोललो ते चुकलं असं वाटायचं, आणि चार महिने बोललो नाही ते त्याहून चुकलं असं वाटायचं. बुधवारी सकाळी लवकर येऊन मी ढीग निवडायला बसले. सदारामच्या रॉडच्या मानेवर कानशीनं मारलेल्या दोन खुणा होत्या. त्याचे चार रॉड आजवर नेहमी वेगळे यायचे, वेगळेच धारेला लागायचे. इतरांच्या रॉडांशेजारी ते मी कधी पाहिलेच नव्हते.

मी रॉड ओळीनं लावले, शेपट्या माझ्याकडे करून. आणि थबकले.

आमचं सगळं लक्ष पातीकडे. शेपटीकडे कोण पाहतो? पण त्या दिवशी ओळीनं पन्नासेक शेपट्या समोर होत्या. तेरा जणांच्या शेपट्या कोरड्या ठणठणीत, कडेनं तांबूस गंज धरलेल्या. सदारामच्या चार शेपट्यांवर मात्र तेल होतं, बोटाला लागेल इतकं.

मशीनमध्ये हवेबरोबर तेल जातं, दट्ट्या सुळकन फिरावा म्हणून. दट्ट्या ज्या शेपटीवर आपटतो तिच्यावर ते तेल उतरतं. मग तेरा जणांचं तेल गेलं कुठं? मी शेपटीचं भोक डोळ्याशी धरून पाहिलं. आत पाणी साचलेलं होतं. हे पाणी रॉडमधून पुढं जायचं, ते मागं फिरून मशीनच्या पोटात शिरत होतं आणि सगळं तेल धुऊन नेत होतं. सुक्या दट्ट्यानं ठोका बसणार कसा? सदाराम खरंच सांगत होता, पाणी लावलं की मशीन बसत होतं. आणि हे झालं होतं फक्त तिसऱ्या लेव्हलला, तिथं काम सुरू झालं त्या चार महिन्यांपासून.

हे साहेबांना सांगितलं तर चौदा माणसं वाचत होती. पण सदारामच्या शेपटीवर तेल का, हेही त्याच तोंडानं सांगावं लागणार होतं. मी ढिगापाशी बराच वेळ बसून राहिले. मग एक सदारामचा आणि एक दुसऱ्याचा असे दोन रॉड खांद्यावर टाकले आणि ऑफिसची वाट धरली. ऑफिसच्या पायऱ्या मी रामाजीच्या कागदांसाठी चढले होते, त्यानंतर त्या दिवशीच.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. दोन्ही शेपट्या दोन रुमालांनी पुसून पाहिल्या. एका रुमालावर गंज, एकावर तेल. ते खुर्चीत बसले ते बसलेच.

"पाण्याची टाकी कुठं आहे बाई?"

"वरतीच जी. डोंगरावर."

"आणि दुसरी लेव्हल दीडशे फुटांवर, तिसरी तीनशेवर." त्यांनी कागदावर काहीतरी भराभर लिहिलं. "पाणी जितकं खाली जाईल तितका त्याचा जोर वाढतो. हवेचा जोर मात्र तेवढाच राहतो. दुसऱ्या लेव्हलपर्यंत हवा जिंकत होती. तिसरीला पाणी जिंकतंय आणि मशीनमध्ये घुसतंय." मग त्यांची नजर पुन्हा तेलाच्या रुमालावर गेली आणि आवाज खाली आला. "म्हणजे सदाराम... ते पोतं..."

"हो जी."

"मी शंभर पोती मागवली हो बाई."

त्यांचा चेहरा पाहवेना. मी म्हटलं, "तुम्हाले माहीत नव्हतं साहेब. मले माहीत होतं."

साहेबांनी दोन्ही रुमाल घडी करून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "दुसऱ्या लेव्हलला मधली टाकी बसवली तर जोर निम्मा होईल. महिना-दोन महिने लागतील. पण उद्याचं काय? मोठ्या साहेबांना मी कळवून बसलोय की माझ्याकडे आठ मिनिटांचा ड्रिलर आहे. उद्या त्यानं पाणी बंद ठेवलं तर मला दिसणार आणि मला त्याला काढावं लागणार. पाणी चालू ठेवलं तर तेरा मिनिटं लागतील, माझी फजिती होईल आणि त्याचीही. माझी झाली तर झाली. त्याचं त्याला ठरवू द्या. तुम्ही सांगाल?"

तीन वाजता मी दिवाघरापाशी उभी राहिले. टोपीवरचे दिवे जमा करायला ड्रिलर तिथंच येतात. त्या दिवशी सदाराम रमत-गमत, सगळ्यांच्या शेवटी आला. मला पाहून तो वळायला लागला. मी सरळ त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिले. माणसं पाहत होती, पाहू देत म्हटलं.

शेपट्यांचं, पाण्याचं, टाकीचं सगळं त्याला सांगितलं. साहेबाला मी सांगितलं, हेही सांगितलं. तो चिडला नाही. "बरं केलं," एवढंच म्हणाला.

"मंग उद्या पाणी लावशीन?"

"तेरा ड्रिलर, दोन साहेब. सगळ्याईच्या पुढं तेरा मिनिटं फरफरत बसू? सारे म्हणतीन, हाच का तो!"

"म्हणू दे. उद्याही लाव अन् परवाही लाव. टाकी येईपर्यंत रोज लाव."

"दोन महिने?"

"दोन महिने. काय बिघडते तुहं? सारे तीन-साडेतीनले वरतं येते, तसा तू येशीन."

"तीनले तू कुलूप लावते," सदाराम म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणायला लागले, "माह्या कुलपाचा तुह्या पाण्याशी काय..." आणि माझं वाक्य अर्ध्यावरच थांबलं.

तो दिवा काढायच्या निमित्तानं खाली वाकला होता. खालूनच बोलला. "दुसऱ्या लेव्हलले होतो तवा पाणी लावूनही अडीचले वरतं येत होतो. तिसरीले आलो अन् सारं बिघडलं. पयल्या हप्त्यात रोज तीन वाजून जाय. रॉड घेऊन येवो अन् शेडले कुलूप. सहा दिवस कुलूप पाहिलं. सातव्या दिवशी तोटी बंद केली."

मी तिथंच दगडावर बसले. तो पहिला आठवडा मला आठवत होता. ते सहा दिवस मी माझा चहा एकटीनं प्यायले होते आणि घरी जाताना उगीच बहिणीवर खेकसले होते. सातव्या दिवशी तो आला आणि मला इतका आनंद झाला की तो लवकर कसा आला हे मी विचारलंच नाही. रॉड निळा दिसला तेव्हाही विचारलं नाही. बोलले तर तो शरमेल, यायचा थांबेल, ही भीती होती मला. अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी तो धुरळा गिळत होता आणि त्याच अर्ध्या तासासाठी मी निळाई घासत होते. आम्ही दोघांनी मिळून हे केलं होतं.

"येडा हायेस तू," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. "सांगाचं नाई का मले?"

"काय सांगाचं? कसं सांगाचं?"

खरंच, कसं सांगणार? मी विधवा, तो गोंड, मी तेलीण, आणि आमच्या वस्तीत भिंतींनाही तोंड. मी पदर आवरून उठले.

"उद्या पाणी लाव. चार वाजू दे का पाच वाजू दे. शेड उघडी राहीन."

"किल्ली तर तीनले द्याव लागते. कोणी विचारलं तर काय सांगशीन?"

"ते माहं मी पाहीन."

तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. दिवा जमा केला आणि गेला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मधली टाकी दोन महिन्यांत बसली. मशीनमधल्या पाण्याच्या सुया, म्हणजे रॉडमध्ये पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या, झिजल्या होत्या, त्याही साहेबांनी बदलून घेतल्या. त्यानंतर चौदाही जण पाणी लावून साडेआठ मिनिटांत भोक पाडू लागले. साहेबांना त्याबद्दल नागपुरात शाबासकी मिळाली. ते पेढे घेऊन आधी शेडमध्ये आले आणि मग ऑफिसात गेले. शंभर पोत्यांत पुढं खाणीच्या कॅन्टीनचे कांदे-बटाटे भरले जात. पुढच्या दिवाळीनंतर सदारामनं आणि मी भंडाऱ्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. माझी बहीण दोन वर्षं बोलली नाही, मग बोलायला लागली. चार महिन्यांचा धुरळा त्याच्या छातीत गेला तो गेलाच. एक्स-रेच्या फोटोत डाग दिसतात, चढावर त्याला दोनदा थांबावं लागतं. पण आता तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि रात्री आडवा होऊन झोपतो. त्याचा श्वास मी रोज ऐकते, सवयच लागलीय.

पण त्या गुरुवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सकाळी दहाला दोन जीपगाड्या आल्या. मोठे साहेब, नंदनवार साहेब आणि आणखी दोघं टोप्या घालून खाली उतरले. एक वाजता वर आले, जीपमध्ये बसले आणि सरळ बंगल्याकडे गेले. मी शेडच्या दारातून पाहत होते. पाठमोऱ्या माणसांवरून काय कळणार?

अडीच वाजले. सदाराम आला नाही. कोरडं काम केलं असतं तर तो अडीचला आला असता, असं मी मनाला सांगितलं. मन लगेच म्हणालं, कोरडं काम करून रागानं सरळ घरी गेला असेल तर? चहा डब्यात गार होत होता. मी त्याला हात लावला नाही.

तीन वाजता भोंगा झाला आणि ट्रॉली आली. मी अख्खा ढीग उपसला. कानशीच्या दोन खुणा कुठल्याच रॉडवर नव्हत्या. पुन्हा एकदा उपसला, नव्हत्याच.

सव्वातीनला टाइम ऑफिसातले बिसेन बाबू स्वतः आले. पाळी सुटल्यामुळं वाटेवर माणसंच माणसं होती.

"द्वारकाबाई, किल्ली आली नाही तुमची. काय झालं?"

खोटं बोलायला कारणं पुष्कळ होती. चाक बिघडलं म्हणता आलं असतं, रॉड जास्त आले म्हणता आलं असतं. मी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी होते. वाटेवरची पाच-सात माणसं थांबून ऐकत होती.

"सदाराम अजून याचा हाये बाबू," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी त्याची वाट पाहून रायली. तो आला का किल्ली देते."

बिसेन बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटेवरच्या माणसांकडे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं," म्हणाले, "मी पाच वाजेपर्यंत आहे." आणि परत गेले. माणसंही पांगली, पण मागं वळून वळून पाहत गेली. मी चौकट सोडली नाही.

साडेतीन झाले. पावणेचार झाले. चढावरची वाट रिकामी झाली आणि कॉम्प्रेसर बंद झाला. एरवी त्या आवाजाची मला इतकी सवय होती की तो थांबल्यावर कान दुखायला लागले.

मग चढावर एक माणूस दिसला. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चिखलानं माखलेला. सदरा अंगाला चिकटलेला, चपला फचक-फचक वाजत होत्या, खांद्यावर चार रॉड होते आणि रॉडांच्या पोटातून पाणी ठिबकून त्याच्या पाठीवर ओघळत होतं. दारात आल्यावर तो थांबला. उघडं दार पाहिलं, मला पाहिलं, पण आत यायचं त्याला सुचेना.

मी पुढं होऊन एक रॉड त्याच्या खांद्यावरून काढला. शेपटी चाचपली, तेलाचा थेंब नव्हता. पात तळहातात धरली. गार होती. कुठं निळाई नव्हती, काही घासायला नव्हतं.

"चौदा मिनिटं लागले," सदाराम म्हणाला. "सारे हासले."

मी त्याच्या चिखलानं भरलेल्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यात इतक्या सुखानं मी कधी कुणाला रागावले नव्हते.

"लय उशीर केला," मी म्हटलं.